पुढचा बाक

तिने मुलीच्या मांडीखाली दबलेला रिमोट ओढून काढला आणि आवाज वाढवला. पडद्यावर अजून साबणाची जाहिरात चालली होती. सासूबाईंनी खुर्ची टीव्हीच्या इतकी जवळ घेतली होती की बाकीच्यांना त्यांच्या अंबाड्याच्या कडेने बघावं लागत होतं. शेजारच्या इमारतीतून खास ह्यासाठी आलेली नणंद सोफ्यावर पाय वर घेऊन बसली होती. नवरा तेवढा स्वयंपाकघराच्या दारात उभा होता. हातातल्या जुन्या टूथब्रशाने तो नखांतलं प्लॅस्टर काढत होता. दिवसभर लोकांच्या कवळ्या घडवणाऱ्या माणसाची नखं रोज संध्याकाळी पांढरी असायचीच. आज ती केव्हाच स्वच्छ झाली होती, तरी ब्रश चालू होता.

"अरे, बस की," नणंद म्हणाली. "आज तू हिरो आहेस."

"इथून दिसतंय, ताई."

"बाबा, तू कधी येणार?" मुलीने विचारलं.

"आधी साबण, मग मी."

साबण गेला आणि कार्यक्रमाचं नाव आलं. 'मोठे न झालेले'. तिने नवऱ्याकडे पाहिलं. चॅनेलकडून बोलायला आलेल्या त्या गोड मुलीने 'पार्कवर प्रेम करणारी माणसं' असं काहीतरी नाव सांगितलं होतं.

पार्कचं फाटक दिसलं, फुगे दिसले, आणि मग गुहेच्या राईडचा धक्का, जिथून पाण्यातल्या नावा सुटतात. तिथे तिचा नवरा उभा होता, डोक्यावर ती निळी टोपी. एक नाव आली आणि गेली, तो उभाच. दुसरी आली, गेली. मागे संगीत वाजत होतं, विनोदी नाटकात लठ्ठ माणूस जिना उतरताना वाजतं तसलं. "हे गृहस्थ सकाळपासून इथेच आहेत," निवेदनातला आवाज म्हणाला. "दर रविवारी असतात." मग पुस्तकांच्या कपाटापुढे बसलेल्या एका तज्ज्ञांनी सांगितलं की काही माणसं बालपणातून बाहेर पडतच नाहीत. आणि मग एकदम जवळून त्याचा चेहरा. गाल ओले, ओठ थरथरणारे, एक हात वर. लगेच गुहेच्या शेवटी बसवलेला यांत्रिक म्हातारा, कंदील वर करणारा. "आणि हा त्यांचा जिवलग," आवाज म्हणाला.

मग हवामान सुरू झालं.

नणंदेने हसू दाबायचा प्रयत्न केला, पण ते नाकातून निसटलंच. "कसला रे तू. मुंडी धरून रडवल्यासारखा."

"रडत का होतास?" सासूबाईंनी मागे वळून विचारलं.

"काही नाही, आई. पाणी उडालं डोळ्यांत." तो आत गेला, आणि नळ बराच वेळ वाहत राहिला.

मुलगी रिकाम्या पडद्याकडे बघावं तशी हवामानाकडे बघत होती. "मी कुठे होते?" तिने विचारलं.

दुसरी माणसं लग्नाआधी सिगरेटची सवय कबूल करतात तसं त्याने तिला पार्कच्या वर्षभराच्या पासाबद्दल सांगितलं होतं, खाली मान घालून. तिला हसू आलं होतं. चला, निदान फुप्फुसं शाबूत राहतील, असं ती म्हणाली होती. पुढे तीही जाऊ लागली, पिशवीत कपड्यांचा जास्तीचा जोड, पाण्याची बाटली आणि जखमेवरच्या पट्ट्या घेऊन. नेहमीचे पासवाले तिला ओळखू लागले. त्यांच्या रीती तिला कळू लागल्या. गुहेतून बाहेर पडताना म्हाताऱ्याने कंदील उचलला की त्याला हात करायचा, ही एक. आणि दुसरी तिला सगळ्यात आवडलेली. नावेतला पुढचा बाक पहिल्यांदा आलेल्यांचा. धबधबा एकदम अंगावर येतो तो फक्त तिथूनच. रांगेत आपला नंबर पुढच्या बाकावर लागला, की पासवाला बाजूला सरतो आणि मागच्या माणसाला विचारतो, "पहिल्यांदाच आलात?" हो म्हणाले तर त्यांना पुढे घालतो आणि आपण पुढच्या नावेची वाट बघतो. तिचा नवरा एका वेळी चार-चार नावा सोडायचा. पहिल्यांदा आलेल्याचा दिवस बिघडता कामा नये, एवढंच त्याचं म्हणणं. देवळात कुणी सोवळं पाळावं तितक्या निष्ठेने तो हे पाळायचा.

आणि ते रडणं. मुलीला त्या म्हाताऱ्याची भीती होती. त्याचं वळण जवळ आलं की ती बापाच्या शर्टात तोंड खुपसायची आणि आतून विचारायची, "गेला?" तो म्हणायचा, "गेला." एकदाही त्याने 'घाबरायचं काय त्यात' म्हटलं नव्हतं. चित्रीकरण झालं त्या रविवारी कॅमेरावाला पुढच्या बाकावर उलटा बसला होता, आणि वळणावर मुलीने शर्टातून तोंड बाहेर काढलं. म्हाताऱ्याकडे नीट बघितलं. आणि आपणहून हात वर केला. त्यानंतर नाव धक्क्याला लागेपर्यंत तिचा नवरा रडत होता. शेजारी बसलेल्या तिलाही कळेना की कुणाला आधी जवळ घ्यावं.

सोमवारी लॅबमध्ये त्याच्या टेबलावर कुणीतरी कवळी ठेवली होती, तिच्या दातांत कागदी कंदील अडकवलेला. हे त्याने जेवताना हसत सांगितलं. "चांगला केला होता कंदील. सुबक." तिने पोळीचा तुकडा मोडला आणि ताटातच ठेवला.

मंगळवारी शाळेच्या फाटकाशी दोन मुलं तिच्या मुलीला बघून एकमेकांना खोटं खोटं रडत हात करत होती. मुलीने दप्तर पुढे घेतलं आणि ती आईच्या पुढून चालू लागली. त्यांच्या आया फोनमध्ये बघत उभ्या होत्या. त्यांतल्या एकीने मान वर करून तिला म्हटलं, "क्यूट आहेत हं तुमचे मिस्टर." तिने हसून मान डोलावली. दुसरं काय करणार.

त्या दुपारी तिने त्या गोड मुलीला फोन लावला. काय बोलायचं ते मनात तीनदा म्हणून घेतलं होतं.

"अहो, किती छान दिसलेत ते," ती मुलगी म्हणाली. "लोकांना प्रचंड आवडलंय."

"लोक हसतायत."

"प्रेमाने हसतायत हो."

"ते मुलीमुळे रडले. ती शेजारीच बसली होती. ते तुम्ही काढूनच टाकलंत."

"ताई, तुम्हीच म्हणाला होतात ना, मुलीचा चेहरा दाखवू नका म्हणून? मी लक्षात ठेवून सांगितलं होतं एडिटरला."

ती म्हणालीच होती. एकदा त्या मुलीला, आणि खात्री असावी म्हणून पुन्हा एकदा कॅमेरावाल्याला. कोण कुठे बघतं, काय करतं, हल्ली काही सांगता येत नाही.

"पण मग ते धक्क्यावर उभे होते ते... ते लोकांना पुढे जाऊ देत होते."

"आम्ही खोटं काही दाखवलंय का, सांगा. उभे होते ना? होते. रडले ना? रडले."

"बरं. थँक्यू," ती म्हणाली. फोन ठेवल्यावर, आपण थँक्यू कशाबद्दल म्हणालो, ह्याचा विचार करत ती ओट्याशी उभी राहिली. दूध उतू जाऊन विझलेला गॅस तसाच सुरू असल्याचं वासाने तिच्या लक्षात आलं.

रात्री केस विंचरताना तिने मुलीला सांगून बघितलं. "बाबा म्हाताऱ्यासाठी नव्हते रडले. तुझ्यासाठी रडले. तू हात केलास ना, म्हणून."

"टीव्हीत मी नव्हते."

"टीव्हीत नव्हतीस. पण तिथे होतीस. आठवतंय ना?"

मुलीने आठवून बघितलं. आरशात तिच्या कपाळाला आठी पडलेली दिसत होती. "तिथे म्हातारा होता," ती शेवटी म्हणाली. "बाबा त्याच्याकडे बघून रडला. सगळ्यांनी बघितलंय."

तिने फणीत अडकलेले केस काढले. सगळ्यांनी बघितलं होतं. आणि त्यात मुलगीही होती. तिने आपल्या डोळ्यांनी पाहिलेलं टीव्हीवरच्या त्या एका मिनिटाने पुसून टाकलं होतं, आणि आता तिथे दुसरंच काहीतरी चिकटवलेलं होतं. ते नखाने खरवडून निघेल असं तिला वाटेना. नवऱ्याला तिने यातलं काही सांगितलं नाही. त्याचे विनोद अजून शाबूत होते, तेवढे तरी राहू देत.

रविवारी तो वर्तमानपत्र घेऊन बसून राहिला. मुलगीच बूट घालून त्याच्यापुढे उभी राहिली.

"जायचं नाही?"

"जायचंय तुला?" त्याने पेपर इतक्या चटकन मिटला की बायकोला बाजूला बघावं लागलं.

"हो. पण टोपी नको."

"बरं. नाही घालत."

"आणि त्याला हात नको करूस."

"बरं."

"आणि कुणी विचारलं तर सांगू नकोस."

"काय सांगू नको?"

मुलीने बुटाचं टोक जमिनीवर घासलं. तो थोडा वेळ त्या बुटाकडे बघत राहिला. "नाही सांगणार," तो म्हणाला, आणि टोपी कपाटाच्या वरच्या फळीवर ठेवून आला.

गुहेच्या रांगेत मुलगी आईचा हात धरून चालली होती, बापापासून तीन-चार माणसं सोडून. तो पुढे होता आणि अधूनमधून मागे बघत होता, पण हाक मारत नव्हता. धक्क्याच्या अगदी जवळ आल्यावर, त्याच्या मागच्या एका बाईने त्याला निरखून पाहिलं. त्या बाईबरोबर तिचा नवरा आणि कडेवर लहान मूल होतं.

"तुम्ही टीव्हीवरचे ना? ते, हात करणारे?"

त्याने कडेवरच्या मुलाकडे पाहिलं. "पहिल्यांदाच आलात?"

"हो ना. पहाटे निघालोय. एकदा करून दाखवा की. सासूबाईंना पाठवते. आयुष्यात कधी न हसणारी बाई, पण तुम्हाला बघून पोट धरून हसली." बाईने आजूबाजूला पाहिलं आणि फोन मागे उभ्या असलेल्या मुलीच्या आईच्याच हातात दिला. "ताई, जरा काढता का? आम्ही पण येतो त्यात."

हा माझा नवरा आहे, एवढंच म्हणायचं होतं. चार शब्द. पण तिच्या कुडत्याचं टोक मुलीने मुठीत घट्ट धरलं होतं, आणि मागच्या रांगेतही दोन-तीन फोन वर आले होते. तिने फोन डोळ्यांसमोर धरला. चौकटीत तो हसरं कुटुंब आणि खांब यांच्यामध्ये उभा होता. त्याने तिच्याकडे पाहिलं, एक हात वर केला आणि खालचा ओठ थरथरवला. कुणाचं डोकं कापलं जात नाही ना हे बघून तिने बटण दाबलं.

बाईने फोटो बघितला. "रडणं नीट आलं नाही. अजून एक काढता?"

त्याने ते पुन्हा केलं. या वेळी जास्त चांगलं.

"तू पण यांच्याबरोबर का गं?" फोन पर्समध्ये टाकता टाकता बाईने मुलीला विचारलं.

"नाही," मुलगी म्हणाली. "आईबरोबर."

नाव धक्क्याला लागली. त्याने त्या कुटुंबाला पुढच्या बाकावर बसवलं, मुलाचा बूट अडकला होता तो सोडवून दिला. ते हात हलवत अंधारात गेले. मागून दुसरी नाव आली. आता त्याचा नंबर होता. तो बाजूला सरला आणि मागे वळला. समोर त्या दोघी होत्या, आणि त्यांच्या मागे अख्खी रांग त्यांच्याकडे बघत होती.

"काय मग," तो मुलीला म्हणाला. चेहऱ्यावर ते रोजचं हसू होतं, कुणीतरी खुदकन साथ द्यावी म्हणून थांबलेलं. "पहिल्यांदाच आलात का?"

मुलीने मागच्या रांगेकडे पाहिलं. मग मान हलवून हो म्हटलं.

हसू तसंच राहिलं, पण त्याच्या मागचं कुणीतरी उठून गेल्यासारखं झालं. "मग पुढचा बाक तुमचा," तो म्हणाला. त्याने आधी बायकोला हात दिला, मग मुलीला उचलून नावेत ठेवलं, कुणाच्याही मुलीला ठेवलं असतं तितक्याच जपून. बायकोला त्याचा हात धरून ठेवावासा वाटला. तो आधीच मागे सरकला होता.

"हात आत ठेवायचा हं, बाळ."

"हो, काका," मुलगी म्हणाली.

धक्क्यावर कळ सांभाळणारी बाई मुलीला तान्ही असल्यापासून ओळखत होती. तिने मुलीकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. तो खांबाजवळ उभा होता आणि पुढच्या नावेची वाट बघत होता. मग तिने कळ दाबली.