डब्यावरची करुणम्मा

मित्रांनो, एवढ्याशा सुईला एवढा राग कसा, असे तुम्हाला वाटेल. मी क्रोशाची जुनी सुई आहे. आंध्रातल्या नरसापूरच्या एका लोहाराने मला मोडक्या छत्रीच्या काडीपासून घडवले, टोकाला आकडा वळवला आणि लाकडी मुठीत ठोकून बसवले. सात वर्षांची करुणम्मा मला घरी घेऊन गेली. पुढची पन्नास वर्षे मी तिच्याच हातात होते.

आमच्या आळीत नाताळ भर पावसाळ्यात सुरू होतो. बायका ओट्यावर बसून घंटा, देवदूत, चांदण्या विणतात, भाताच्या पेजेची खळ देऊन वाळवतात. करुणम्माची चांदणी आठ टोकांची होती आणि मध्ये जाईची उमलती कळी. ती कळी तिने स्वतः शोधून काढली होती. एक टाका चुकला तरी ती सगळे उसवायची.

मग आळीला दोरा पुरवून चांदण्या विकत घेणारा व्यापारी वीरभद्रम फोटो काढायला आला. "अम्मा, सुई जरा वर धर. तुझा फोटो चांदण्यांच्या डब्यावर छापतो." करुणम्माने ठेवणीतले लुगडे नेसले. मीही तेलाने पुसून चकचकीत झाले होते. किती मूर्ख होते मी!

त्या वर्षी त्याने आळीत दोराच पाठवला नाही. डिसेंबरात शेजारची येस्तेरम्मा एक डबा घेऊन आली.

"अक्का, एवढ्या चांदण्या कधी विणल्यास गं? चर्चच्या मैदानातल्या बाजारात ढीग पडलाय."

डब्यावर करुणम्मा हसत होती. खाली छापले होते, 'करुणम्माच्या हातची'. तिने आतली चांदणी उलटून पाहिली. आठ टोके होती, कळीही होती. पण सगळे यंत्रावर काढलेले.

"ही माझी नाही," ती म्हणाली आणि मला पिशवीत टाकून निघाली.

मैदानातल्या वीरभद्रमच्या दुकानापुढे गर्दी होती. तो गोड हसला. "रागावतेस कशाला, अम्मा? फुकटात नाव झालं ना तुझं?"

"नाव माझं, तोंड माझं. हात कुणाचे रे?"

"लोकांना चांदणी हवी. हात कोण बघतंय?"

करुणम्मा तिथलेच स्टूल ओढून बसली. पिशवीतून स्वतःची, खळ न दिलेली चांदणी काढली, शेवटची गाठ दातांनी तोडली आणि दोरा ओढला. एकेक टोक सरसर उसवले. शेवटी कळी गेली. दुपारभर आम्ही दोघींनी विणलेले ते काम तिच्या मांडीवर कुरळ्या दोऱ्याचा पुंजका होऊन पडले. मला फार लागले ते.

"हातचं असं सुटतं, पहिल्या टाक्यापर्यंत," ती समोरच्या गिऱ्हाइकणीला म्हणाली. "आता डब्यातली ओढून बघ, बाई."

बाईने ओढली. चांदणी टर्रकन फाटली. बाईने डबा खाली ठेवला, मागच्या दोघींनीही ठेवला.

वीरभद्रमचा आवाज चढला. "पोटावर पाय देतेस काय माझ्या?"

"यंत्राच्या चांदण्या खुशाल वीक. यंत्राच्या म्हणून वीक. माझं तोंड काढ."

लोक बघत होते. त्याला प्रत्येक डब्यावरच्या तिच्या फोटोवर आणि नावावर कागद चिकटवावा लागला. संध्याकाळपर्यंत तो तेच करत होता. पण खरे सांगते, कागद लावलेले डबेही खपले. आमच्या आळीत त्याचा दोरा पुन्हा कधी आला नाही. चार बायका कोळंबी सोलायच्या कारखान्यात गेल्या, येस्तेरम्माही गेली. तिची सुई आता चूल उकरायला वापरतात. हे आठवले की माझी मूठ अजून तापते.

करुणम्मा मात्र पुढच्या नाताळात त्याच मैदानात चटई टाकून बसली. मोजकीच माणसे थांबली. ज्यांनी चांदणी मागितली, त्यांना तिने समोर बसवून विणून दिली.

मित्रांनो, माझे कौतुक करू नका, मला काचेच्या कपाटातही ठेवू नका. हातची म्हणून एखादी वस्तू कोणी पुढे केली, तर आधी ती उलटी करून बघा. मग विचारा, ही कुणी केली? ती बाई आज कुठे आहे? विकणाऱ्याला सांगता आले नाही, तर वस्तू खाली ठेवा आणि तिला शोधायला निघा.