पादुका

स्कीला ब्रेक नसतात.

राजीवच्या मानेवर डावीकडे, केसांच्या रेषेच्या जरा खाली, तीळ आहे. हे मृणालिनीने पोह्यांवर लिंबू पिळता पिळता सांगितलं.

लायलच्या तळ्याने कडेने साय धरली.

एक्सेलच्या शीटमध्ये ‘वजन’ या शब्दाचे दोन अर्थ होतात.

विमान दोन सीटचं, पण सीटा एकामागे एक. मागे बसणाऱ्याला पुढच्याची मान दिसते, बाकी फारसं काही नाही.

आता हे सगळं एका दोऱ्यात ओवायचं, तर दोरा प्रल्हादच्या पोटातून काढावा लागेल. तिथे तो महिनाभर पीळ खात पडला होता.

प्रल्हाद आणि राजीव मिनिआपोलिसच्या एका ऑफिसात एकाच पार्टिशनच्या दोन बाजूंना बसायचे. दोघांनी मिळून २००५च्या मार्चमध्ये एक जुनं विमान घेतलं, १९४६ सालचं. त्याला स्टार्टर नव्हता. एकाने आत बसायचं, दुसऱ्याने पुढे उभं राहून पंखा हाताने ओढायचा. एकट्याचं काम नाहीच. ते राहायचं लायल नावाच्या म्हाताऱ्या मेकॅनिकच्या शेतात, तळ्याकाठच्या गवताच्या धावपट्टीवर. पहिला हिवाळा ते शेडमध्ये झोपून राहिलं. दुसऱ्या हिवाळ्यात उडायचं ठरलं, म्हणजे बर्फावर उतरायला चाकांच्या जागी स्की आल्या.

ऑक्टोबरात मृणालिनी कॅटलॉग चाळत म्हणाली, “ह्या तुमच्या विमानाच्या पादुका का?”

लग्नाला अकरा वर्षं झाली होती. तरी प्रल्हादला वाटलं, हा शब्द तिने आत्ता, फक्त आपल्यासाठी काढला. तो शब्द त्याने मनात नीट घडी घालून ठेवला.

मग तो तीळ. राजीवने तिला एकदा फेरी मारून आणली होती, एवढंच. मागे बसलं की मान दिसणारच. हे प्रल्हादला कळत होतं. पण त्या एका तिळाने त्याच्या अंगाचा तिळपापड केला, त्याला तो तरी काय करणार?

लायलच्या कोठारात दोन जोड होते.

“हा सरळ जोड,” लायल म्हणाला. “चाक काढायचं, ही बसवायची. हलकी. खोल बर्फात हिच्यासारखी दुसरी नाही. पण साफ केलेल्या रस्त्यावर उतरलात तर मला फोन करू नका. आणि ह्या दुसऱ्या. मधे खाच आहे, चाक खालून चार बोटं बाहेर राहतं. बर्फावर चालेल, डांबरावरही चालेल. दोन्हीकडे जरा कुरकुरेल.”

“लग्नासारखं,” राजीव म्हणाला. राजीवचं लग्न झालं नव्हतं.

“चाकवाल्या घेऊ यार,” तो पुढे म्हणाला. “पादुका घालायच्याच तर रस्त्यावरही चालता आलं पाहिजे.”

प्रल्हादची कानशिलं तापली. कोठारात शून्याखाली आठ होतं.

“आणि मृणालिनीचे लेसन्स डांबरी रनवेवरच होणार ना,” राजीव वाकून खाच बघत बोलत होता. “तो इन्स्ट्रक्टर काही तळ्यावर येत नाही.”

“कसले लेसन्स?”

राजीव उभा राहिला. हातमोजा काढला, परत घातला. “बोलली नाही तुला? अरे, म्हणजे बोलणार असेल. फ्लाइंग शिकायचंय तिला. मला नुसतं विचारलं, आपलं विमान वापरता येईल का.”

“शीट काय म्हणतं ते बघू,” प्रल्हाद म्हणाला.

शीट राजीवनेच बनवलं होतं. कार घेताना, घर बघताना, भाच्याचं कॉलेज निवडताना त्यांनी हेच केलेलं. डाव्या रांगेत मुद्दे, प्रत्येक मुद्द्याला गुण, प्रत्येक गुणाला वजन. बेरीज ज्याची मोठी, तो जिंकला. चाकवाल्या जिंकत होत्या.

सोमवारी जेवणाच्या सुट्टीत प्रल्हादने फाइल उघडली. ‘डांबरी रनवेवर उतरणं’ या मुद्द्याचं वजन होतं पाच. त्याने तीन केलं. चाकवाल्या तरी पुढे. दोन. तरी पुढे. एक केलं, आणि ‘स्कीचं वजन’ या मुद्द्याचं वजन दोनाचं पाच केलं.

सरळ स्की चार गुणांनी पुढे गेल्या.

पार्टिशनपलीकडे राजीवची खुर्ची वाजली. तो शीट बघत असावा. मग त्याचं डोकं वर आलं.

“शीटच म्हणतंय तर घे बाबा,” तो म्हणाला, आणि डोकं खाली गेलं.

घरी मृणालिनीने विचारलं, “कुठल्या ठरल्या?”

“सरळ.”

ती कणीक मळत होती. थांबली नाही. “म्हणजे एप्रिलपर्यंत तळ्यावरच.”

“मला आधी सांगितलं असतंस तर!”

“तुला सांगितलं असतं तर तू मला शिकवायला बसला असतास. गाडी शिकवलीस तशी.” तिने कणकेवर ताट झाकलं. “मी स्टॉप साइनला थांबत होते रे. तरी तू ओरडायचास.”

डिसेंबरात एका शनिवारी सकाळी तळं पक्कं झालं. राजीवचा मेसेज आला, जमत नाही. मग मृणालिनी आली, लाल जाकिटात. लायलने शेपटीचा दोर झाडाला बांधला, कारण इंजिन लागताच विमान पळणार.

“पंखा कोण ओढणार?” प्रल्हादने विचारलं.

“मी. राजीवने शिकवलंय.” तिने पंख्यावर हात ठेवला, पाय मागे घेतला, ओढला आणि त्याच झोकात बाजूला झाली. पहिल्या झटक्यात इंजिन लागलं. प्रल्हादला कधी तिसऱ्याच्या आत जमलं नव्हतं.

“मागे बसतेस?” तो ओरडला.

“नको! मागून नुसती मान दिसते!”

स्की बर्फाला चिकटल्या होत्या. तिने पंखाची दांडी धरून विमान गदागदा हलवलं, ते सुटलं. मग मागे जाऊन दोर सोडला.

वर हवा काचेसारखी होती. खाली पांढऱ्या तळ्यावर एक लाल ठिपका. प्रल्हादने वळण घेतलं आणि पाहिलं. ठिपक्याचा हात कानाला होता. फोन.

एवढ्या मोठ्या आकाशात त्याला दुसरं काही दिसेना. पुढच्या वळणालाच त्याने विमान खाली घातलं, घाईत, जास्त वेगात. स्की टेकल्या आणि धावत राहिल्या. पाय सवयीने ब्रेक शोधत राहिले. मृणालिनी आली, जवळ आली, बाजूने गेली. ती फोनवर बोलत होती. तिने फक्त मान वळवून त्याला जाताना पाहिलं. विमान लव्हाळ्यात शिरून थांबलं.

ती चालत पोचली तेव्हा पंखाही थांबला होता.

“कोणाशी बोलत होतीस?”

“फ्लाइंग स्कूलशी. त्यांच्याकडे चाकाचं विमान आहे. मंगळवारपासून जाते.”

“राजीवने शोधून दिलं?”

मृणालिनीने आधी स्कीकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. “यलो पेजेसने,” ती म्हणाली, आणि लव्हाळं उपटून वाट करायला लागली.

प्रल्हादचा विश्वास बसला नाही.

‘पादुका’ हा शब्द राजीवने काढला होता, विमान घेतलं त्या दिवशी, लायलच्या शेतातल्या दुसऱ्या कुणाच्या तरी विमानाच्या स्की पाहून, तिघांच्या देखत. सगळ्यांत मोठ्याने हसला होता तो प्रल्हाद.