तीन तुकड्यांचा पासवर्ड

तीस वर्षं मी एसटीत कंडक्टर होतो. हिंगोली, सेनगाव, वसमत, कुठल्या रस्त्यावर कुठं खड्डा आहे ते मी झोपेतही सांगेन. आणि गाडीत चढलेला माणूस तिकीट काढणार की नाही, हे त्याच्या मानेवरून सांगेन. फुकट्या माणूस खिडकीबाहेर जरा जास्तच बघतो. या नजरेनं मला नोकरीत शाबासकी दिली आणि घरात बोलणी. माझी बायको मिराबाई म्हणते, "तुमी देवाला बी तिकीट इचारताल." विचारीन. त्यात काय?

निवृत्त झाल्यावर पुसेगावजवळच्या आमच्या तांड्याचा मी कारभारी झालो. तांड्याचा प्रमुख, म्हणजे नायक, भावसिंग. आमच्यात एका गोतात लग्न होत नाही, म्हणून पाहुणे लांब लांब शोधावे लागतात, पार पुसद, किनवटपर्यंत. २००४ साली आमच्या दिपक मास्तरच्या डोक्यात आलं की समाजातल्या लग्नाच्या पोरापोरींची यादी इंटरनेटवर टाकायची. त्यानं औरंगाबादच्या मित्राकडून वेबसाइट बनवून आणली. पण ती होती फ्लॉपीत. ती जगाला दिसायची तर कुणीतरी वर चढवायला हवी होती.

हिंगोलीत बसस्टँडसमोर धम्मानंद नावाच्या माणसाचं संगणक केंद्र होतं. माझी मुलगी पुजा तिथंच कोर्सला जायची, नुकताच तिसरा आठवडा चालू झाला होता. धम्मानंदनं फायली पाठवायचा एक प्रोग्रॅम संगणकात बसवला आणि आम्हाला समजावलं. पडद्याचे दोन भाग. डावीकडे आपल्या फायली, उजवीकडे लांबच्या संगणकातल्या, ज्या सगळ्या जगाला दिसतात. डावीकडची फाईल धरायची, उजवीकडे नेऊन सोडायची.

"नेली की हितली जाती का?" मी विचारलं.

"न्हाई काका, हितली हितंच ऱ्हाती. तिकडं नक्कल जाती. तिकडं त्याच नावाची जुनी असली तर ती जाऊन नवी बसती."

एक वस्तू दोन ठिकाणी! आमच्याकडं असं तिकीट सापडलं तर माणूस निलंबित व्हायचा. माझा संशय तिथंच सुरू झाला.

मग पासवर्डचं निघालं. ज्याच्याकडं पासवर्ड, तो यादीत काहीही करू शकतो, असं मास्तर म्हणाला. भावसिंग नायकानं मिशीवरून हात फिरवला. आमच्या तांड्यात देवळाची एक लोखंडी पेटी आहे, तिला तीन कुलपं. एक किल्ली नायकाकडं, एक कारभाऱ्याकडं, एक तांड्यातल्या शिकलेल्या माणसाकडं. तिघं जमल्याशिवाय पेटी उघडत नाही, आणि म्हणून आजवर तिच्यातलं सुपारीचं खांडही हललेलं नाही. नायक म्हणाला, "तसंच करा."

पासवर्डचे तीन तुकडे केले. नायक, मास्तर आणि मी, एकानं आपला तुकडा टाकताना बाकीच्या दोघांनी भिंतीकडं तोंड करायचं. धम्मानंद तर तांड्याबाहेरचा माणूस. त्याला मी सरळ सांगितलं, "तू जरा भाईर थांब." स्वतःच्या दुकानातून तो बाहेर जाऊन उभा राहिला. कुठली कळ दाबायची ते दाखवायला फक्त पुजा होती, तिनंही डोळे मिटले. माझ्या तुकड्यात माझा बिल्ला नंबर होता. एका बोटानं टाकला, पण बरोबर टाकला.

तेवढ्यात पडद्यावर इंग्रजीत एक चौकट आली.

"काय म्हणून राहिली ती?" नायकानं विचारलं.

पुजानं वाचून सांगितलं, "लक्षात ठेवू का, असं इचारून राहिलीय."

नायक खूश झाला. "ठेव म्हणावं! तीन माणसं जातीनं आल्ती, हे ध्यानात राहाया पायजे. साक्षीला कोण तरी पायजेच."

मलाही ते पटलं. आमच्यात चार माणसांसमोर झालेली गोष्ट साक्षीदारानं लक्षात ठेवायची असते, कागद लागत नाही. मी पुजाला म्हणालो, "व्हय म्हण." तिनं व्हय केलं. यादी वर चढली. पुजाचं नाव चव्हाणांच्या गोतात तिसरं आणि नायकाची नात शितल राठोडांच्या गोतात पहिली.

महिन्याभरानं पुसदहून फोन आला. मुलगा इंजिनियर, घर चांगलं. मुलाचा बाप म्हणाला, "तुमच्या मास्तरनं सांगितलं म्हणून यादी बघितली. पोरीचं नाव तर कुठं दिसत नाही. लग्न ठरलं का?"

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मास्तरला घेऊन हिंगोली गाठली, पडदा उघडला. चव्हाणांच्या गोतात दुसरं नाव होतं, चौथं होतं, तिसरं गायब. शितल मात्र होती तशी पहिली.

आता मला सांगा, संशय कुणावर जाईल? नायकावर गेला. दुसऱ्या दिवशी पारावर तो जरा जास्तच लांब शेताकडं बघत होता. पण तीन तुकड्यांपैकी त्याच्याकडं एकच. मास्तर त्याचा पुतण्या, म्हणजे दोन झाले. माझा तिसरा कुणाकडंच नाही. मी तो मिराबाईलाही सांगितला नव्हता. झोपेत बडबडतो का, असं तिला विचारलं, तर म्हणाली, "घोरता नुसतं."

तिघं पुन्हा गेलो. या वेळी पासवर्डच्या चौकटीत आधीच काळे ठिपके भरलेले दिसले. पुजा म्हणाली, "ते आधीचं हाय," आणि पुसले. आम्ही भिंतीकडं तोंडं करून आपापले तुकडे नव्यानं टाकले, नाव पुन्हा चढवलं. पंधरा दिवसांत पुन्हा गायब.

मग उरला एकच. दुकान त्याचं, संगणक त्याचा, प्रोग्रॅम त्यानंच बसवलेला. त्या शनिवारी दुकानात दहा-बारा पोरं बसलेली असताना मी काउंटरवर हात आपटला. "माझ्या पोरीच्या लग्नात बिब्बा घालून राहिला का तू? काय वाकडं केलंय आमी तुझं?" आणखीही बोललो. ते इथं लिहीत नाही, लाज वाटते.

धम्मानंदचा चेहरा उतरला. तो एवढंच म्हणाला, "काका, म्या हात न्हाई लावला."

"मंग कोणी लावला?"

तो गप्प बसला. गप्प बसणारा माणूस माझ्या हिशेबी विनातिकीट. भावसिंग नायकानं ऐकलं आणि ठरवलं की गुरुवारी बैठक घ्यायची, आसपासच्या पाचही तांड्यांना सांगायचं, या माणसाकडं पोरं पाठवू नका. त्याच्याकडं शिकणारी निम्मी पोरं आमच्या तांड्यांची होती.

प्रोग्रॅम त्याच्याच संगणकात होता, म्हणून सोमवारी तिथंच जाऊन आम्ही नाव तिसऱ्यांदा चढवलं. येत्या रविवारी पुसदचे पाहुणे घरी येणार होते. या वेळी मी पक्कं केलं, चोर रंगेहाथ धरायचा. तिकीट तपासणारं पथक कधी स्टँडवर चढत नाही, मधल्याच फाट्यावर हात करतं. मंगळवारी दुपारी मी कुणाला न सांगता दुकानात गेलो आणि प्लायवूडच्या शेवटच्या कप्प्यात जाऊन बसलो.

धम्मानंद माझ्यापाशी आला. हळूच म्हणाला, "काका, आज घरी जा. लाइट जाणार हाय."

"जाऊ दे. मी अंधारात बसंन."

त्यानं माझ्या बाजूचा पंखा लावला आणि गेला. आता तर माझी खात्रीच झाली.

तीन वाजता पोरं आली. आमचा प्रोग्रॅम ज्या संगणकात होता, त्यासमोर कुणीतरी बसलं. फटीतून मला फक्त पडदा आणि हात दिसत होता. हातानं प्रोग्रॅम उघडला. पासवर्डची चौकट आली, ती आधीच काळ्या ठिपक्यांनी भरलेली. हातानं एक कळ दाबली आणि उजवीकडच्या फायली आपोआप उघडल्या. ना नायक, ना मास्तर, ना माझा बिल्ला नंबर. डावीकडं यादी उघडली, तिसरी ओळ पुसली, फाईल धरली, उजवीकडं नेऊन सोडली.

हातात हिरव्या बांगड्या होत्या. त्या मीच जत्रेतून आणल्या होत्या.

मी उठलो. पुजानं मागं वळून बघितलं. पळाली नाही, रडलीही नाही.

"कोणी शिकवलं तुला हे?"

"कोणी न्हाई. तुमीच त्याला लक्षात ठेव म्हनले, बा. त्यानं समदा पासवर्डच ठेवला. मला बी दुसऱ्या महिन्यात कळलं."

"पर काहून? इंजिनियर हाय पोरगा!"

"मला नर्सिंगला जायचं हाय, नांदेडला. फॉर्म भरलाय म्या. तुमाला तीनदा सांगाया आले. एकदा तुमी म्हनले जेवण झाल्यावर सांग, एकदा म्हनले पाहुणे गेल्यावर, एकदा तर आईकलंच न्हाई." तिनं पडद्याकडं बोट केलं. "पेटीला तुमी तीन कुलपं लावली. आत नाव माझं हाय, आन् एक बी किल्ली माझ्याकडं न्हाई."

मी कप्प्यातून बाहेर आलो.

काउंटरवर धम्मानंद मान खाली घालून वही चाळत होता. मी त्याच्यापुढं गेलो. "तुला ठाऊक व्हतं?"

"व्हय. कोण कवा बसलं, समदं लिहिलेलं असतंय."

"मंग शनिवारी काहून न्हाई बोलला? माझ्या एवढ्या शिव्या खाल्ल्या."

"नाव सांगितलं असतं तर तुमी तिला दुसऱ्या दिवशीपासून घरी बसवलं असतं काका," तो म्हणाला. "तिची परीक्षा बारा दिवसांवर हाय. चांगली शिकून राहिली पोरगी."

मी बसवलंच असतं. हे मला माहीत होतं, आणि त्याला माझ्याआधी माहीत होतं. माणसं ओळखण्याचा धंदा माझा होता. मला त्याच्यासमोर उभं राहवेना.

गुरुवारी बैठक झाली, सकाळी, पारावर. मी धम्मानंदला बोलावून घेतलं होतं. तो स्कूटरवरून आला आणि कडेला उभा राहिला. मी त्याचा हात धरून त्याला माझ्याच बाजेवर बसवलं. मग सगळ्यांसमोर उभं राहून म्हणालो, "शनिवारी मी या माणसाला चोर म्हनलो. तो चोर न्हाई. माझं चुकलं. मी माफी मागतो." नायकाचं तोंड उघडंच राहिलं.

"मंग नाव कोणी काढलं?" त्यानं विचारलं.

पुजा पाराच्या मागं बायकांत उभी होती. तिनं ओढणी घट्ट धरली होती. सगळ्यांच्या माना तिकडं वळायच्या आत मी म्हणालो, "मी काढलं. माझ्या घरचं नाव, मी काढलं."

"एकल्यानं? तीन तुकडे हायेत!"

"त्या दिवशी आपुन तिघांनी मिळून संगणकाला लक्षात ठेव म्हनलं, नायक. तवापासनं ते दार उघडंच हाय." मास्तरनं कपाळावर हात मारला. त्याला कळलं होतं.

नायकानं माझ्या मानेकडं बघितलं. जुना माणूस आहे, खोटं बोलणाऱ्याची मान त्यालाही ओळखता येते. पण त्यानं एवढंच विचारलं, "पुसदच्यांना काय सांगायचं? नाव पुन्हा कवा टाकायचं?"

मी खिशातून माझा जुना पितळी बिल्ला काढला. ज्याचा नंबर पासवर्डात होता, तोच. बायकांतून वाट काढत पुजापाशी गेलो आणि तो तिच्या हातावर ठेवला.

"ते हिला इचारा," मी म्हणालो. "माझी किल्ली आजपासून हिच्याकडं हाय."