नर्सबाईंची रिकामी जागा

दातांचे डॉक्टर दर रविवारी चर्चमध्ये सगळ्यांसमोर प्रार्थना करायचे, "प्रभू, माझं जे चुकत असेल ते मला दाखव. मी तयार आहे." आवाज असा गहिवरलेला, की मागच्या बाकांवर रुमाल निघायचे. प्रभूने हे लगेच मनावर घ्यावं, अशी मात्र डॉक्टरांची घाई नव्हती.

त्यांचा एक जिवलग मित्र होता, गाडी शिकवणारा मास्तर. दोघांनी तरुणपणीच ठरवलं होतं, की एकमेकांना देवासमोर खरं तेच सांगायचं. डॉक्टरांनी हा शब्द इमानेइतबारे पाळला. मास्तरांचा तापट स्वभाव, मास्तरांचं पोट, उपदेशाच्या वेळी त्यांना लागणारी डुलकी, सगळं प्रेमाने सांगितलं. मास्तर ऐकून घ्यायचे. बऱ्याचदा ते डॉक्टरांच्याच खुर्चीत आ वासून पडलेले असायचे, त्यामुळे दुसरा इलाजही नसायचा.

डॉक्टर चर्चच्या गायकवृंदाचे प्रमुखही होते. नुकतंच त्यांनी नर्सबाईंना वृंदातून काढलं होतं. बाई रात्रपाळी संपवून सकाळी सरावाला यायच्या, त्यामुळे उशीर व्हायचा. "देवाच्या कामात शिस्त हवी," डॉक्टर म्हणाले होते आणि सगळ्यांनी माना डोलावल्या होत्या.

अशात मास्तर दाढ भरून घ्यायला आले. काम करता करता डॉक्टर म्हणाले, "रविवारी चर्चमध्ये मला बोलायचंय. विषय आहे, ‘देव आपला कान धरतो तेव्हा’. काही सुचतंय का?"

मास्तरांनी चूळ भरली. "सुचतंय. पण तुला आवडणार नाही."

"अरे, बोल की! आपल्यात कसला आडपडदा?"

"नर्सबाईंना तू उशिरासाठी नाही काढलंस. ऑर्गन वाजवणारा तुझा मेहुणा त्यांच्याही नंतर उगवतो. बाई गायला लागल्या की लोक तुझ्याकडे बघेनासे होतात. ते तुला सोसलं नाही."

डॉक्टरांचा हात थबकला. "हे इतके दिवस का नाही बोललास?"

"भीती वाटत होती."

"कशाची?"

"तुझी. आणखी कशाची?"

"त्या बाजूने चावू नकोस," असं म्हणून डॉक्टरांनी पुढच्या पेशंटला हाक मारली.

घरी आल्यावर ते बायकोला म्हणाले, "मास्तर फार गर्विष्ठ झालाय. त्याच्यासाठी प्रार्थना करायला हवी." आणि घडलेलं सगळं सांगितलं. बायको शर्टाच्या एकाच बाहीवर पुन्हा पुन्हा इस्त्री फिरवत राहिली.

"तू काहीच का बोलत नाहीस?"

"मागे एकदा बोलले होते. तेव्हा आठवडाभर अबोला धरलात."

डॉक्टर तडक आतल्या खोलीत गेले आणि भाषण लिहायला बसले. मन दगड करून बसलेल्या माणसाचं उदाहरण हवं होतं. सुचेना, म्हणून त्यांनी गुडघे टेकले. "प्रभू, माझं जे चुकत असेल..." उत्तर तर येऊन गेलं होतं, दाढ भरून घेऊन गेलं होतं.

दुसऱ्या दिवशी ते हॉस्पिटलात गेले. नर्सबाई औषधांची ट्रॉली ढकलत होत्या.

"बाई, तुमच्या उशिराने अडचण व्हायचीच, पण तरीसुद्धा..." स्वतःचाच आवाज ऐकून डॉक्टर ओशाळले. "नाही. उशीर हे निमित्त होतं. तुम्ही माझ्यापेक्षा चांगलं गाता, ते मला सहन झालं नाही. मला माफ करा."

बाईंनी ट्रॉली थांबवली. तिच्यावरच्या एका बाटलीचं सैल झाकण त्यांनी घट्ट बसवलं. "रडले होते मी," त्या म्हणाल्या.

डॉक्टरांनी ट्रॉलीची दुसरी बाजू धरली आणि ती पुढे ढकलायला मदत केली.

"येईन मी. पण सराव संध्याकाळी ठेवा. सकाळी पायांत त्राण नसतं."

कोणती वेळ सोयीची, एवढं साधंही बाईंना आजवर कोणी विचारलंच नव्हतं.

रविवारी डॉक्टरांनी भाषण बाजूला ठेवलं आणि झालं ते सरळ सांगून टाकलं. उपासनेनंतर चहाच्या वेळी लोकांनी त्यांना गराडा घातला. काय ही नम्रता, काय हे धैर्य! डॉक्टर सगळी हकीकत पुन्हा सांगू लागले, या खेपेला जरा खुलवून. हॉस्पिटलात त्यांचा कंठही दाटून आला होता म्हणे. तेवढ्यात मास्तरांनी मागून हळूच कोट ओढला.

डॉक्टरांचा चेहरा पडला. पारा चढता चढता राहिला.

"फार झालं का?"

"हो."

डॉक्टरांनी बशीतला उरलेला केक मास्तरांच्या हातात दिला आणि मुकाट्याने कप विसळायला गेले.