आईच्या उत्तराला उशीर का होई

मी कॅश मेमरी बोलतेय. नाव ऐकून खिसे चाचपू नका, पैशांशी माझा काही संबंध नाही. कॉम्प्युटरच्या प्रोसेसरमध्ये, आकडेमोड करणाऱ्या भागाला अगदी खेटून मी राहते. जागा नखाएवढीसुद्धा नाही.

मोठी मेमरी माझ्यापासून लांब आहे. तिच्याकडे सगळं असतं, पण तिथून आणायला वेळ लागतो आणि वाटही अरुंद. म्हणून प्रोसेसरने नुकतंच मागितलेलं मी हाताशी ठेवते. पुन्हा मागितलं की लगेच देते. एक वस्तू आणायला गेले की तिच्या शेजारच्या मूठभर वस्तूही उचलून आणते, कारण पुढची मागणी बहुधा शेजारचीच असते. जागा भरली की बराच वेळ कोणी न विचारलेलं बाहेर काढते. यात राग नाही, लोभ नाही.

माझा जन्म धूळ नसलेल्या कारखान्यात झाला. तिथल्या माणसांचे फक्त डोळे दिसायचे. पुढे दुकानाच्या फळीवरून या घरात आले. आधी जावईबापू माझ्यावर मोटारींच्या शर्यती खेळायचे. मग यंत्र आईच्या, म्हणजे त्यांच्या सासूबाईंच्या, टेबलावर गेलं.

आईने उभं आयुष्य कापडाचं दुकान चालवलं. तिच्या तोंडी लागायची कोणाची छाती नव्हती. घशाचं ऑपरेशन झालं आणि आवाज गेला. तिची मुलगी एका कंपनीत प्रोग्रॅम लिहिते. तिने घरातल्या जुन्या व्हिडिओंमधून आईचा आवाज काढला, त्याचे बारीक तुकडे केले. आता आई टाइप करायची आणि यंत्र ते तुकडे जोडून तिच्याच आवाजात बोलायचं. पण बोलायचं उशिरा. वरातीमागून घोडं.

एकदा आत्या, म्हणजे आईची धाकटी नणंद, आली होती. खोलीतलं बोलणं माइकमधून मलाही कळतं.

"चहात साखर टाकायला विसरले बघा, वहिनी," आत्या म्हणाली.

आईने टाइप केलं, 'तुझं नेहमीचंच.' यंत्र तुकडे शोधत बसलं. तोवर आत्याचा विषय बदलला. "डोळ्यांचं ऑपरेशन ठरलंय माझं. भीती वाटते हो."

"तुझं नेहमीचंच," यंत्र बोललं.

आत्याने कप खाली ठेवला. आईने घाईघाईने खुलासा टाइप केला, पण तो बाहेर पडेपर्यंत आत्या जिना उतरून गेली होती. मुलीने फोन करून समजावलं, तर आत्या म्हणाली, "तू तुझ्या आईचीच बाजू घेणार." त्यानंतर ती आली नाही. आईनेही टाइप करणं जवळजवळ सोडलं. नुसती मान हलवायची, फार तर दोन शब्द टाइप करायची.

"नवीन मशीन घेऊन टाकू," जावईबापू म्हणाले.

"आधी हे कुठे अडतंय ते बघू दे," मुलगी म्हणाली. ती दोन रविवार टेबलाशी बसून राहिली, तेव्हा तिला कळलं की प्रोसेसर काम कमी करतोय आणि माझ्या तोंडाकडे बघत जास्त बसतोय.

चूक तिच्या नीटनेटकेपणाची होती. सगळ्या तुकड्यांचे सूर एका रांगेत, सगळ्यांची लांबी दुसऱ्या रांगेत, जोड तिसऱ्या रांगेत. एक तुकडा बोलायचा तर मला तिन्हीकडे हेलपाटा. प्रत्येक रांगेतून मूठभर बिनकामाचे शेजारी सोबत यायचे, अरुंद वाट त्यांनीच अडायची. त्यांना जागा द्यायला मी कामाचं बाहेर काढायची आणि लगेच तेच आणायला पुन्हा धावायची.

"घरातल्या सगळ्यांचे उजवे बूट एका कपाटात आणि डावे दुसऱ्यात ठेवलेत मी!" मुलगी कपाळाला हात लावून म्हणाली. मग तिने प्रत्येक तुकड्याचं सगळं एकत्र ठेवलं, आणि बोलताना पाठोपाठ येणारे तुकडे शेजारी शेजारी.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी आत्या घराची किल्ली ठेवायला आली. "बसत नाही. तुम्हाला उगाच त्रास."

"बस," यंत्र लगेच म्हणालं. आत्या दचकली.

"त्या दिवशी मी साखरेबद्दल बोलले होते. डोळ्यांबद्दल नाही."

"मग तेव्हाच नाही का सांगायचं?"

"सांगत होते. तू जिन्यात होतीस."

आत्याला हसू आलं आणि रडूही. ती खुर्चीत बसली. "खरंच भीती वाटते हो, वहिनी."

"मी येते सोबत."

दोघींच्या वाक्यांमध्ये आता विषय बदलायला फटच राहिली नव्हती.

आत्याचे डोळे आता बरे आहेत आणि दोघी रोज भांडतात. मी आहे तिथेच आहे. यंत्र बंद केलं की माझ्यातलं सगळं पुसलं जातं, त्याचं मला काही वाटत नाही. प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांना एवढंच सांगणं आहे, की एकत्र लागणाऱ्या वस्तू एकत्र ठेवा, आम्हाला फुकट पळवू नका.

पूर्वी यंत्र सुरू झालं की थोड्याच वेळात आईचे दोन शब्द माझ्याकडे येऊन ठाण मांडायचे: 'राहू दे.' तेच सारखे मागितले जायचे, म्हणून मीही त्यांना हलवत नसे. हल्ली सकाळपासून संध्याकाळपर्यंत ते एकदाही येत नाहीत. मला बरं वाटतं.