आहेरात फिरलेला कुकर

मित्रांनो, मी एक जुना प्रेशर कुकर आहे, पण गॅसवर आयुष्यात एकदाच चढलो. त्या सकाळबद्दल काय वाटतं असं कुणी विचारलं, तर मला सांगता येत नाही. काही वाटत नाही, हेच खरं.

कोल्हापूरबाहेरच्या एका कारखान्यात माझा जन्म झाला. माझ्या झाकणावर सेफ्टी व्हॉल्व्ह बसवला. शिट्टीत काही अडकलं, की त्यातली धातूची टिकली वितळावी आणि कोंडलेली वाफ निघून जावी, एवढंच त्याचं काम. आमच्या खेपेला टिकली भलत्याच धातूची आली होती. तपासणाऱ्याने वरवर पाहिलं, आणि आम्ही चकचकीत होऊन ट्रकमध्ये चढलो.

राजारामपुरीत जयपालशेठच्या दुकानातून बनाबाईंनी मला घेतलं, मैत्रिणीच्या, म्हणजे आक्कांच्या मुलाच्या लग्नात आहेर म्हणून. त्या दिवशी आक्कांकडे कुकरांची रांगच लागली होती. त्यांनी खोकं न उघडताच मला माळ्यावर टाकलं. सुरुवातीला वाईट वाटलं. पण अंधारात पडून राहिलं की वाईट वाटणंही बोथट होतं. पुढे त्यांची भाची निशिगंधा लग्न होऊन नेसरीला निघाली, तेव्हा आक्कांनी माझा कागद बदलला. "तुझ्यासाठी मुद्दाम आणलाय बघ," असं वर सांगितलं. आपल्याकडे आहेर असा फिरतोच. फक्त ते बोलायचं नसतं.

काही दिवसांनी माझ्याच खेपेतला एक कुकर कुठेसा फुटला आणि कारखान्याचे डोळे उघडले. कारखान्याने वितरकाला कळवलं, वितरकाने जयपालशेठना. शेठनी उरलेले कुकर मागे पाठवले आणि बनाबाईंना फोन केला. बनाबाईंनी आक्कांना सांगितलं, "त्यो कुकर वापरू नगं. दुकानात दे, बदलून देत्यात."

"व्हय, देते की," आक्का म्हणाल्या आणि गप्प बसल्या. बनाबाईंना खरं सांगावं, तर त्यांचा आहेर दुसऱ्याला दिल्याचं उघड होणार. भाचीला सांगावं, तर थाप उघडी पडणार. निशिगंधा अजून सासूबाईंचाच जुना कुकर वापरते, असं त्यांनी ऐकलं होतं. तेवढ्यावर त्यांनी मनाची समजूत घातली. कुकर परत आला का, हे शेठनीही पुन्हा विचारलं नाही. फोन केला, म्हणजे आपलं काम झालं.

एका सकाळी सासूबाईंच्या कुकरची रिंग फाटली आणि निशिगंधाने माझं खोकं उघडलं. मला विसळलं, तूरडाळ घातली. शिट्टीत डाळ अडकली. वाफ दाटली. टिकली वितळली नाही. माझं झाकण छताला लागलं आणि उकळती डाळ तिच्या उजव्या हातावर आली. ती ओरडली. मी ऐकलं, एवढंच.

खोक्यावर दुकानाचा नंबर होता. निशिगंधाच्या नवऱ्याने, आदर्शने, फोन लावला आणि शेठ मला न्यायला स्वतः नेसरीला आले. आक्काही सफरचंदं घेऊन बसल्या होत्या.

"ह्यो कुकर खराब हाय, तुमास्नी ठावं हुतं?" निशिगंधाने शेठना विचारलं.

"व्हय. बनाबाईंनी नेलता, त्यास्नी फोन केलता. त्यांनी तुमच्या आत्यास्नी सांगितलं म्हनं."

निशिगंधाने आक्कांकडे पाहिलं. "मग मला का न्हाय सांगितलं?"

"लाज वाटली गं. आहेरातला हुता त्यो."

निशिगंधा भांडली नाही. पट्टी बांधलेला हात तिने मांडीवर घेतला. "मी हसून सोडून दिलं असतं की, आत्या," ती म्हणाली.

मित्रांनो, मी आता मोडीत निघालो आहे, मला काही नको. पण कारखान्यात असा, दुकानात असा, नाहीतर कुणाच्या लग्नात जेवायला बसलेले असा, वस्तू धोक्याची असल्याचा निरोप आला तर तो तुमच्यापाशी थांबू देऊ नका. वस्तू आज जिच्या स्वयंपाकघरात आहे, तिच्यापर्यंत तो पोचवा, आणि पोचला का, हेही विचारा. लाज चहा उकळेपर्यंत टिकते. निशिगंधाची बोटं अजून मिटत नाहीत.