बावीस रेघा

"उचला पाय! एक! आता दोन! अहो, तिथेच काय उभे राहिलात?"

मी खोलीच्या बंद दारामागून ओरडत होते आणि बाहेर स्वयंपाकघराच्या चौकटीत आमचे हे हातात ताट घेऊन खिळले होते. मला दिसत नव्हते, पण ऐकू येत होते. थरथरत्या हातामुळे वाटी ताटाला लागून किणकिणत होती आणि ती किणकिण काही केल्या पुढे सरकत नव्हती.

"येतोय," ते म्हणाले.

"कधी?"

"पाय आले की."

यांना कंपवात होऊन तेव्हा सहा वर्षं झाली होती. हात थरथरताना लोकांना दिसतो, म्हणून लोक हाताचीच चौकशी करतात. खरा वैताग पायांचा. दाराची चौकट आली की पाय जमिनीला चिकटायचे. बाकी सगळा माणूस निघायला तयार आणि पाय तेवढे रुसलेले. मग मी शेजारी उभी राहून "एक-दोन" म्हणायचे आणि गाडी निघायची. आमचं बरं चाललं होतं. त्यात टाळेबंदी लागली, आणि तिसऱ्या आठवड्यात मी यांच्या गोळ्यांच्या रांगेतून गोळ्यांबरोबर तापही घेऊन आले.

आरोग्य खात्याची मुलगी डोक्यापासून पायापर्यंत झाकून दारात आली. चौदा दिवस मी एका खोलीत, दार बंद, असं तिने सांगितलं. मग विचारलं, "घरी सांभाळायला कोण आहे?"

"मी आहे," हे म्हणाले.

तिने यांच्या हाताकडे पाहिलं. यांनी हात खिशात घातला. मग खिसा थरथरायला लागला.

"आजोबा, जमेल का तुम्हाला? नाहीतर बाईंना विलगीकरण केंद्रात हलवावं लागेल."

"जमेल."

"परवा येते मी. बघते, मग ठरवू."

माझं अंग तापाने फणफणलं होतं, तरी हे वाक्य ऐकून मी हिशोब करायला लागले. मी केंद्रात गेले तर यांना दिवसातून पाच वेळा गोळ्या कोण देणार? न्हाणीघराच्या दारातून यांना बाहेर कोण काढणार? मुलगी दुसऱ्या गावात, रस्ते बंद. ती फोनवर नुसती रडत होती. समोरच्या घरातल्या वहिनी दोन वेळचं जेवण पाठवायच्या, पण डबा बाहेरच्या दाराशी ठेवून मागे व्हायच्या. त्यांच्या घरात तान्हं बाळ होतं. डबा दारातून स्वयंपाकघरात आणि ताट स्वयंपाकघरातून माझ्या खोलीशी, एवढाच काय तो प्रवास. पण त्यात चौकटी होत्या.

पहिला दिवस मी ओरडून निभावला. दुसऱ्या दिवशी खोकल्याने गाठलं. "एक" म्हटलं की अशी ढास लागायची की "दोन" बाहेर पडायचाच नाही. हे चौकटीत उभे. मी घड्याळाकडे बघत होते. सव्वीस मिनिटांनी दारावर टकटक झाली आणि बाहेरच्या स्टुलावर गार भात आला.

"आता ओरडू नकोस," ते दाराबाहेरून म्हणाले. "बघतो मी काय करायचं ते."

तुम्ही काय बघणार, असं तोंडावर आलं होतं. खोकल्याने अडवलं ते बरंच झालं.

हे एका मोठ्या शाळेत मैदानाचे शिपाई होते, एकतीस वर्षं. क्रीडादिनाच्या आधी दोन दिवस पोतंभर फक्की घेऊन सगळं मैदान आखायचं, पळण्याच्या आठ पट्ट्या पाडायच्या, हे यांचं काम. फक्की म्हणजे ती पांढरी पूड. घरी यायचे ते पिठाच्या गिरणीतून आल्यासारखे. पायपुसण्यापासून पलंगापर्यंत पांढरी पावलं. माझा निम्मा संसार ती पावलं पुसण्यात गेला. "असली कसली मेली नोकरी," मी म्हणायचे, "दिवसभर आखायचं आणि दुसऱ्या दिवशी पोरांनी पायाने पुसून टाकायचं!"

"रेघा पुसल्या म्हणजे पोरं पळाली," एवढंच ते म्हणायचे. भांडायला तरी काही उरायला नको.

निवृत्त होताना उरलेलं अर्धं पोतं यांनी घरी आणलं. का, ते विचारू नका. गॅलरीत ते पडून होतं आणि मी ते फेकायला सांगून थकले होते. टाळेबंदीच्या जरा आधी एकदा हे म्हणाले, "व्यायाम घेणाऱ्या बाईंकडे फरशीवर निळ्या पट्ट्या आहेत. त्यांच्यावरून मी न अडकता चालतो. घरात तशा रेघा मारू का फक्कीने?"

मी म्हटलं, "जन्मभर पुसली तेवढी पुरे. माझ्या घराची शाळा करू नका."

त्यांनी विषय काढला नाही पुन्हा. माझ्या या वाक्याची मला अजून लाज वाटते.

तिसऱ्या दिवशी सकाळी उजाडतानाच आवाज सुरू झाले. गॅलरीची कडी. काहीतरी जड सरपटत आणल्याचा आवाज. बादलीत पाणी. मग बराच वेळ काही नाही. मग एक आवाज आला, फट्! आणि पुन्हा शांतता. दहा-बारा मिनिटांनी परत फट्!

"काय चाललंय?" मी कसंबसं विचारलं.

"काही नाही. झोप तू."

आज ती मुलगी येणार होती. मी पडल्या पडल्या ते फट् फट् ऐकत होते आणि मनात केंद्रात न्यायची पिशवी भरत होते. बाराच्या सुमाराला आवाज थांबला. यांच्या गोळीची वेळ झाली होती.

बेल वाजली तेव्हा हे स्वयंपाकघरात होते. मी उठून बसले. आता चौकट. आता अडकणार. ती मुलगी दारात ताटकळणार, आणि झालं.

पाऊल वाजलं. फरपटलेलं नव्हे, उचलून ठेवलेलं. मग दुसरं. मी मोजायला लागले. माझ्या खोलीसमोरून पावलं गेली, न थांबता गेली. बावीस झाली आणि कडी उघडली.

"आजोबा, हे फरशीवर काय?"

"ट्रॅक आखलाय."

"कशाला?"

"रेघ दिसली की पाय ओलांडतो. नुसती जमीन दिसली की नाही ओलांडत. त्याला कारण विचारलं, तो सांगत नाही."

ती हसली. मग म्हणाली, "बाईंना पाणी नेऊन द्या बघू. मी इथूनच बघते."

यांनी स्वयंपाकघरापर्यंत जाऊन पाणी आणलं. माझ्या दारावर टकटक झाली. बाहेरच्या दारातून ती मुलगी ओरडली, "बाई, तुम्ही इथेच राहा हो. तुमचा माणूस खंबीर आहे."

मी उशीत तोंड खुपसून रडले, आणि ते तापामुळे नव्हतं.

पंधराव्या दिवशी मी दार उघडलं. स्वयंपाकघरापासून बाहेरच्या दारापर्यंत पांढऱ्या रेघा होत्या, सारख्या अंतरावर, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत. हाताला घास धरवत नाही त्या माणसाने मारलेल्या. मला खोकला होता, म्हणून पूड उडू नये असं बघून त्यांनी फक्की पाण्यात कालवली होती. त्यात दोरी बुडवायची, एका टोकावर इस्त्री ठेवायची, दुसऱ्यावर खलबत्ता, आणि ताणलेली दोरी चिमटीने उचलून सोडायची. फट्! हात किती का थरथरेना, रेघ सरळ. दोरीच्या टोकाशी एक गाठ होती. टोकापासून गाठीपर्यंत यांचं एक पाऊल. तेवढं अंतर सोडून पुढची रेघ. हे सगळं जमिनीवर बसून, सरकत सरकत. रेघा पायांनी पुसल्या जायच्या, म्हणून रोज सकाळी पुन्हा.

एकतीस वर्षांत मी यांचं मैदान एकदाही बघायला गेले नव्हते.

हे खुर्चीत बसले होते. दोन्ही गुडघे सोललेले.

"छान आखलंय हो," मी म्हटलं.

त्यांनी रेघांवरून एकदा नजर फिरवली. "तिसरी जरा वाकडी आहे," ते म्हणाले.

त्याला आता तीन वर्षं झाली. टाळेबंदी लोक विसरलेसुद्धा. यांना खाली बसता येत नाही, म्हणून रोज सकाळी रेघा मी मारते आणि हे खुर्चीतून, "इस्त्री डावीकडे घे," असं सांगतात. शिपाई मी आणि मुख्याध्यापक ते.

आजार थांबलेला नाही. पाऊल आखूड होत चाललंय. मागच्या वर्षी हे दोन रेघांच्या मध्येच अडकायला लागले, तेव्हा त्यांना न सांगता मी दोरीची गाठ सोडली आणि बोटभर अलीकडे बांधली. अंतर तेवढंच, पण रेघा पंचवीस झाल्या. पावसाळ्यानंतर पुन्हा बोटभर. आता एकोणतीस आहेत.

काल सकाळी मी शेवटची रेघ मारून उठले. हे खुर्चीला धरून उभे राहिले आणि पहिल्या रेघेपासून शेवटच्या रेघेपर्यंत सावकाश बघत राहिले. मैदान आखणारा माणूस तो. त्याची नजर कुठे चुकते!

"दोरी आटली वाटतं," ते म्हणाले.

"रोज पाण्यात बुडवते ना मी. आटणारच."

"हं," म्हणाले, आणि पाय उचलून त्यांनी पहिली रेघ ओलांडली.